तिसऱ्यांदा आलेला हेडफोन

एका स्लायडरचा विचार माझ्या डोक्यातून जात नाहीये. फोनच्या सेटिंगमध्ये असतो तो, एका टोकाला लेफ्ट, दुसऱ्या टोकाला राइट, मध्ये एक ठिपका. बऱ्याच जणांना तो आहे हेच माहीत नसतं. मला माहीत होता, आणि त्याचाच मला तेव्हा गर्व झाला.

मी हेडफोन, इअरबड्स, स्पीकर वगैरेंच्या सर्व्हिस सेंटरला आहे, अर्धा दिवस काउंटर आणि अर्धा दिवस आतलं बेंच. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर सोल्डरिंग करतो. आयर्न आठवड्यातून दोनदा तापली तर डोक्यावरून पाणी. बाकी सगळं हे असं असतं: 'कनेक्टच होत नाही' म्हणजे कनेक्ट झालेला असतो, फक्त घरातल्या दुसऱ्याच कुठल्यातरी टॅबला. 'पेअरिंग होत नाही' म्हणजे फोनमधून फर्गेट केलंय पण हेडफोनकडे जुनी किल्ली तशीच आहे, दोन्हीकडून पुसल्याशिवाय भांडण मिटत नाही. 'एक बड चार्ज होत नाही' म्हणजे केसमधल्या पिनांवर मळ. 'एका बडचा आवाज गेला' म्हणजे जाळीत कानातला मळ, तो आम्ही काढतो आणि तोंडावर मात्र "जाळी ब्लॉक होती" एवढंच सांगतो. 'आवाज तुटतो' म्हणजे फोन मागच्या खिशात, आणि ब्लूटूथ ७९ चॅनेलवर सेकंदाला १६०० उड्या मारत असलं तरी बसलेल्या माणसाच्या खालून त्याला वाट काढता येत नाही, कारण २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल अंगातलं पाणी गिळून टाकतं. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगेन.

तर त्या स्लायडरवाले काका पहिल्यांदा आले ते सोमवारी सकाळी, शटर वर गेल्या गेल्या. साठीच्या आसपासचे, घरून हिशेबाचं काम करतात, दिवसभर लॅपटॉपवर मीटिंगा. मोठे कानभर बसणारे हेडफोन, नॉइज कॅन्सलेशनवाले, अगदी नीट पाऊचमध्ये घालून आणलेले, असं गिऱ्हाईक आम्हाला क्वचित मिळतं. तक्रार त्यांनी कागदावर लिहून आणली होती, तीन ओळी. एक, मीटिंग सुरू झाली की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. दोन, डाव्या बाजूला आवाज कमी. तीन, डाव्या बाजूला बारीक शिट्टी.

मी पहिल्या ओळीवर तुटून पडले, कारण ती माझी आवडती ओळ आहे. हे लोकांना कोणी समजावून सांगत नाही आणि ते बिचारे चांगले हेडफोन बदलत बसतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. ब्लूटूथ हेडफोनला आवाज पाठवायचे दोन रस्ते असतात. गाणी ऐकायचा एक, तो रुंद, स्टिरिओ, पण एकाच दिशेचा, तुमचा आवाज परत न्यायची सोय त्यात नाही. फोनवर बोलायचा दुसरा, तो दोन्ही दिशांचा पण अरुंद, मोनो. हेडफोनचा माइक कुठल्याही ॲपने मागितला की लॅपटॉप पहिला रस्ता बंद करून दुसऱ्यावर येतो. जुन्या पद्धतीत तिथे सेकंदाला फक्त ८००० सॅम्पल, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच पोचत नाही, नव्या पद्धतीत १६०००, तरी गाण्याच्या मानाने डबाच. म्हणून लॅपटॉपमध्ये कधीकधी एकाच हेडफोनची दोन नावं दिसतात आणि लोक भलतंच निवडतात. यावर खरा इलाज म्हणजे २०२० मध्ये जाहीर झालेला एलई ऑडिओ, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज पाठवायची नवी पद्धत, पण तो लॅपटॉप आणि हेडफोन दोघांना यायला हवा, आणि काकांच्या दोघांनाही येत नव्हता. तोवर साधा उपाय असा की मीटिंगच्या ॲपमध्ये माइक लॅपटॉपचा निवडायचा आणि स्पीकर हेडफोनचा. काकांच्याच लॅपटॉपवर करून दाखवलं, आवाज एकदम उघडला. काका म्हणाले, "अगं पोरी, तू तर जादूच केलीस." झालं, मी हवेत.

दुसऱ्या ओळीसाठी मी डावा कप पुसला, कुशन काढून बसवलं. तिसऱ्या ओळीसाठी म्हटलं, काका, नॉइज कॅन्सलेशनची स्वतःची थोडी सूं असते, आतले माइक सतत चालू असतात ना. हे खोटं नाही, असते तशी. ते बंद करून विचारलं, आता? ते म्हणाले, "आता पण आहे थोडी." मी म्हटलं, पण कमी झाली ना? ते म्हणाले, "हो, झाली असेल."

'झाली असेल'. बेंचवर आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात की गिऱ्हाइकाच्या तोंडात उत्तर घालू नका. एवढं शिकूनही मी तेच केलं.

गुरुवारी परत आले. डबा गेला होता, त्याबद्दल परत एकदा कौतुक झालं, पण डावीकडे आवाज आता आणखी कमी. काउंटरवर गर्दी होती. आमच्या सीनियरचं प्रत्येक दुखण्यावर एकच औषध, फॅक्टरी रिसेट मार आणि पाठव, कारण एका तिकिटाला, म्हणजे एका तक्रारीला, वीस मिनिटांच्या वर गेलं की महिन्याच्या शेवटी आकडे लाल होतात. मी रिसेट मारला, फर्मवेअर अपडेट केलं, आणि मग माझ्या हुशारीने काकांचा फोन मागितला आणि ॲक्सेसिबिलिटीमध्ये जाऊन डाव्या-उजव्या आवाजाच्या बॅलन्सचा तो स्लायडर बघितला. ठिपका मध्यावर नव्हता! चांगला बाजूला सरकलेला. मी सीनियरना हाक मारून दाखवला, ते म्हणाले, "बघ, झालं, लोक काय काय दाबून ठेवतात." मी ठिपका मध्यावर आणला, काकांना ऐकवलं, ते जरा गोंधळले, म्हणाले, "आता तर…", तेवढ्यात मागचा माणूस खोकला, आणि मी म्हटलं काका, दोन दिवस वापरून बघा, कानाला सवय व्हायला वेळ लागतो. तिकीट बंद. फॉल्ट कोड: युजर सेटिंग.

ठिपका डावीकडे सरकलेला होता. डावीकडे सरकलेला म्हणजे उजवा आवाज कमी केलेला. तक्रार होती डावा आवाज कमी असल्याची. म्हणजे तो ठिपका तक्रारीचं कारण असूच शकत नव्हता, उलट तक्रारीवर कोणीतरी केलेला उपाय होता तो. शाळेतल्या पोराला दाखवलं असतं तरी त्याने विचारलं असतं की ताई, मग उजवीकडे कमी यायला पाहिजे ना? मला मात्र फक्त 'मध्यावर नाही' एवढंच दिसलं. सापडलं म्हणून इतका आनंद झाला की काय सापडलंय हे बघितलंच नाही.

पुढच्या बुधवारी तिसऱ्यांदा आले. यावेळी पाऊच नव्हता, हेडफोन पिशवीत तसाच टाकलेला. चिडलेले नव्हते, तेच जास्त लागलं. म्हणाले, "बदलून दे नाहीतर राहू दे, माझी खरंच इच्छा नाही परत परत यायची."

मी त्यांना आत बेंचजवळच बसवलं, जे करायला परवानगी नाही. आमच्याकडे सिलिकॉनचा नकली कान आहे, आत माइक बसवलेला. त्यावर डावा कप ठेवून २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंतचा स्वीप, म्हणजे खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत चढत जाणारा आवाज, घेतला, मग उजवा कप. दोन्ही रेघा स्क्रीनवर एकमेकींवर बसल्या, फरक एका डेसिबलच्या आतबाहेर. इतकी जुळलेली जोडी नव्या डब्यातल्या पिसमध्येही नेहमी सापडत नाही. मग दोन्ही बाजूंना सारखाच आवाज जाईल असं एका बाईचं बोलणं लावलं आणि स्वतः घालून बघितलं. आवाज बरोबर डोक्याच्या मध्ये, दोन भुवयांच्या मागे. काकांना घातला आणि विचारलं, कुठून येतोय? यावेळी पुढे काही बोलले नाही. त्यांनी बोट उजव्या कानाकडे नेलं.

म्हटलं, काका, आता उलटा घाला. एल लिहिलेली बाजू उजव्या कानावर.

हे फार जुनं तंत्र आहे, वायरचे हेडफोन होते तेव्हापासूनचं. बिघाड वस्तूत असेल तर तो वस्तूबरोबर बाजू बदलतो. त्यांनी उलटा घातला, थोडा वेळ ऐकलं आणि परत उजव्याच कानाकडे बोट दाखवलं. बिघाड जागचा हलला नाही. मी हेडफोन काढून घेतला, बंद केला, टेबलावर ठेवला आणि नऊ दिवस उशिरा तो प्रश्न विचारला: काका, ती शिट्टी आत्ता येतेय?

"येतेय की."

हेडफोन टेबलावर होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मग एकेक बाहेर पडायला लागलं. फोन ते नेहमी डाव्या कानाला लावायचे, हल्ली उजव्या लावतात, कारण "फोनचा स्पीकर पण बिघडलाय, मुलाला सांगितलंय". स्लायडर मुलानेच सरकवून दिला होता, पहिल्या आठवड्यात, "आता बरं येईल बघा" म्हणून, आणि बरं येतही होतं. मी तो मध्यावर आणला तेव्हा परत कमी झालं, पण त्यांना वाटलं ताईने केलंय म्हणजे बरोबरच असणार. सुरुवात कधी झाली विचारलं तर म्हणाले शनिवारी सकाळी, उठलो तेव्हा कान बंद झाल्यासारखा वाटला, सर्दी असेल म्हटलं. शनिवार. सोमवारी सकाळी ते माझ्यासमोर कागद घेऊन उभे होते.

मला त्यातलं काही कळत नाही, पण एवढं कुठेतरी वाचलेलं होतं की एक कान असा अचानक कमी झाला तर थांबायचं नसतं. ते कसं सांगायचं याचं ट्रेनिंग आम्हाला नाही. मी म्हणाले, काका, हेडफोन एकदम ओके आहे, तुम्ही आजच्या आज कानाच्या डॉक्टरांकडे जा, उद्या नको. ते हसले, म्हणाले, "म्हणजे मीच नादुरुस्त होय?" मला हसता आलं नाही. मुलाला फोन लावायला लावला, तोही त्यांनी उजव्याच कानाला धरला.

ते गेल्यावर सीनियर म्हणाले, आपण डॉक्टर नाही, उद्या काही झालं तर नाव आपल्यावर येईल, आपण फक्त 'नो फॉल्ट फाउंड' लिहायचं. त्यांचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण तो कोड तीनदा आला की सिस्टिम आपोआप गिऱ्हाइकाला 'वारंवार विनाकारण तक्रार' असा शिक्का मारते, पुढच्या वेळी त्यांना रांगेत शेवटी टाकते. त्या यादीत अठ्ठावीस कोड आहेत, पाण्याचा आहे, उंदराने कुरतडल्याचा आहे, याचा नाही. मी 'इतर' टाकलं आणि खाली दोन ओळी लिहिल्या, ज्या कोणी वाचणार नाही.

दीड महिन्याने काका आले. हेडफोन परत पाऊचमध्ये. त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले होते, तपासणी झाली, स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. खालचे सूर बऱ्यापैकी परत आले, वरचे नाही. शिट्टी आहे, पण सवय झाली म्हणतात. डॉक्टर म्हणाले होते की दोन आठवड्यांच्या आत आलात हे बरं झालं, पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असता तर आणखी बरं. हे त्यांनी मला अगदी सहज सांगितलं, उपकार मानायच्या सुरात, मुलगाही शेजारी मान हलवत होता. मी त्यांना त्या सोमवारचं काही बोलले नाही. त्यांच्या लक्षात नसेल असं नाही, तक्रारीचा कागद त्यांनीच लिहिला होता.

काम होतं वेगळंच. जुन्या गाण्यांमध्ये वाद्यं डावीकडे आणि गाणारा उजवीकडे असं काहीतरी असतं, तर त्यांना अर्धं गाणंच ऐकू येत नव्हतं. मी मोनो ऑडिओ चालू करून दिला, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र होऊन दोन्ही कपमध्ये सारखंच येतं, डावीकडचं काही हरवत नाही. फोनवर केलं, लॅपटॉपवर वेगळं करायला लागतं तेही केलं. मग स्लायडर उघडला आणि फोन त्यांच्याच हातात दिला.

"हा मध्ये ठेवायचा ना?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, नाही काका, आवाज मधून येईल तिथे ठेवायचा. तुम्हीच सरकवा.

त्यांनी डोळे मिटले आणि अंगठ्याने ठिपका हळूहळू सरकवत नेला, एकदा पुढे गेला, थोडा मागे आणला, आणि दोन भुवयांच्या मध्ये बोट ठेवून मान हलवली. ठिपका डावीकडे होता, पण त्या गुरुवारी होता तितका नाही.