पहिल्या घरात एक असेल त्याने हात वर करा

"रोल नंबर 23, उभा राहा." ही कॉम्प्युटरची साधी मेमरी. पत्ता सांगायचा, तिथे असेल ते मिळतं. "रोज एसटीने कोण येतं?" म्हटलं की एकदम सात-आठ हात वर, ही असोसिएटिव्ह मेमरी, म्हणजे पत्त्याऐवजी आत काय आहे त्यावरून शोधणारी. इथवर मुलांना चटकन कळतं. गाडी अडते ती पुढे. अशा मेमरीला फक्त "जुळतं का?" एवढंच विचारता येतं, मग सगळ्यांत मोठी संख्या कुणाकडे आहे, हे काढायचं कसं?

आयबीएमच्या अ‍ॅडिन फाल्कॉफच्या 1962 च्या लेखात याची रीत आहे. तीन वर्षं मी ती फळ्यावर काढली, मुलांनी इमानदारीत उतरवून घेतली. चौथ्या वर्षी वर्गालाच मेमरी केलं. 58 जण. प्रत्येकाने चाचणीतले शंभरपैकी गुण बायनरीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून, सात घरांत लिहायचे. सगळे उभे. डावीकडून पहिल्या घरात 1 असेल त्याने हात वर करायचा, बाकीच्यांनी बसायचं. एकही हात वर नसेल तर कुणीच बसायचं नाही, पुढचं घर घ्यायचं. सातव्या घरानंतर 93 वाल्या दोघी उभ्या उरल्या. (यंत्रात अशा वेळी आधीच्या पत्त्याला मान, आमच्याकडे पुढच्या बाकाला.) वर्गात 5800 मुलं असती तरी प्रश्न सातच! गुडइयर एअरोस्पेसचं, हो, त्याच टायरवाल्यांचं, 1972 चं स्टारान यंत्र एका मॉड्यूलमधले 256 शब्द (म्हणजे साठवलेल्या नोंदी) असेच एका दमात तपासायचं, एकेक बिट, म्हणजे एकेक घर घेऊन.

पण पहिलं घर 64 चं, म्हणजे त्याहून कमी गुणवाले पहिल्याच फटक्यात बसणार, हे मी सोयीस्कर विसरले होते. पहिल्याच प्रश्नाला 37 जण खाली बसले, आणि कोण कोण बसलं ते सगळ्या वर्गाने पाहिलं. मागून कुणीतरी हसलं. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

यंदा घरून हाउजीचा डबाच नेला. गुणांऐवजी सोंगटीवरचा आकडा, 1 ते 90, म्हणजे घरं तीच सात. पाचव्या प्रश्नाला एकटा एक मुलगा उरला, जाम खूश. हात वर असेल तर 1, नसेल तर 0, असं फळ्यावर उत्तर तयार झालं: 1011110.

"मॅडम, चौऱ्याण्णव? डब्यात नव्वदच सोंगट्या आहेत ना?"

उभ्या उरलेल्या मुलाकडे 61 होता, म्हणजे 0111101. पठ्ठ्याने उजवीकडून डावीकडे लिहिला होता.