अठ्ठ्याऐंशीची रेघ

वजन उतरलेला माणूस पेढे घेऊन येतो. वजन पुन्हा वाढलेला सहसा येतच नाही. फोन उचलत नाही, बाजारात समोर दिसला तर गल्ली बदलतो. सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हे इतक्यांदा पाहिलंय की फेब्रुवारीतल्या त्या दुपारी एसटीचे चालक मामा वेळ न घेताच दवाखान्यात आले, बरोबर मामींनाही घेऊन आले, तेव्हा मी उठून उभी राहिले.

"मॅडम, रेघ ओलांडली बघा," खुर्चीत बसायच्या आत त्यांनी सांगितलं आणि वही टेबलावर ठेवली.

वही साधी, शंभर पानी. दर सोमवारी सकाळी, अनशापोटी, शौचाला जाऊन आल्यावर केलेलं वजन. तारीख आणि आकडा. प्रत्येक पानावर वरच्या बाजूला लाल पेनने मारलेली एक आडवी रेघ, तिच्याशेजारी ८८. शेवटचे तीन आकडे रेघेच्या वर होते: ८८.३, ८८.९, ८९.२.

हे मामा पहिल्यांदा आले तेव्हा ९९ किलोंचे होते. वय अठ्ठेचाळीस, उंची १६८ सेंटिमीटर, कमरेचा घेर ११२, एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी, ८.१. त्याआधी एका ओळखीच्या माणसाने दिलेल्या पावडरवर त्यांनी तीन महिन्यांत तेरा किलो उतरवले होते. दोन वेळचं जेवण बंद, त्याऐवजी शेक. पहिल्याच आठवड्यात साडेतीन किलो गेले म्हणून डेपोत कौतुक झालं. त्यातलं बरंचसं पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजन, म्हणजे साखरेचा साठा, संपतं आणि त्याच्या एका ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी निघून जातं. पावडर थांबली आणि दहा महिन्यांत सगळं परत आलं, वर दोन किलो जास्त. "माझ्यातच दम नाही," असं ते तेव्हा म्हणाले होते. हे वाक्य मला अजिबात सहन होत नाही. २०११ साली मेलबर्नच्या संशोधकांनी पन्नास जणांना घेऊन अभ्यास सुरू केला, त्यातल्या शेवटपर्यंत टिकलेल्या चौतीस जणांचं वजन दहा आठवड्यांत सरासरी साडेतेरा किलोंनी उतरवलं आणि एका वर्षानंतर त्यांचं रक्त तपासलं. भूक वाढवणारी संप्रेरकं तेव्हाही चढलेली होती, पोट भरल्याचा निरोप देणारी उतरलेली. वजन उतरलेल्या माणसाला शरीर वर्षभर जास्त खायला सांगत असतं. याची कल्पना न देता त्याला घरी पाठवणं हा अन्याय आहे.

तेव्हा सगळ्यात आधी मी त्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. मामांना मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड चालू होतं. ही गोळी घेणाऱ्याने खाणं एकदम कमी केलं तर साखर धोक्याइतकी खाली येऊ शकते, आणि हा माणूस चाळीस-पन्नास प्रवासी घेऊन महामार्गावर गाडी चालवतो. डॉक्टरांनी डोस कमी केल्यावरच आम्ही ताटाला हात लावला. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्या कुणीही हा क्रम उलटा करू नये, हे मी प्रत्येकाला बजावून सांगते.

ताटाआधी चहा. दिवसाला आठ कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. सोळा चमचे म्हणजे ऐंशी ग्रॅम, ३२० कॅलरी. चहा सोडा म्हटलं असतं तर मामा परत आलेच नसते. पहाटे साडेचारला उठून ड्युटीवर जाणाऱ्या माणसाचा चहा काढून घेऊ नये. कप चारवर आले, साखर अर्ध्या चमच्यावर, तीही सहा-सात आठवड्यांत हळूहळू.

पण खरा बदल मामींनी केला. घरात पाच माणसं, आणि तेलाचा पंधरा किलोंचा डबा दोन महिन्यांत संपायचा. मी मामींसमोर कागदावर भागाकार केला: माणशी रोज पन्नास ग्रॅम तेल, म्हणजे साडेचारशे कॅलरी, भूक न भागवता पोटात जाणाऱ्या. मामी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. त्यांनी बरणीतून थेट कढईत तेल ओतणं बंद केलं. रोज सकाळी वाटीत दिवसभराचं तेल काढून ठेवायचं, वाटी संपली की संपलं. तोच डबा आता चार महिने जातो. मामांना कमी तेलाचं आणि बाकीच्यांना वेगळं, असा प्रकार त्यांनी केला नाही, आणि ते टिकण्याचं मुख्य कारण मला तेच वाटतं. एका घरात दोन कढया फार दिवस चालत नाहीत.

मग डबा. सोलापूर-पुणे फेरीत टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, कुठेही गाडी थांबली की वडापाव किंवा भजी समोर येणारच. दोन ज्वारीच्या भाकरी, मटकीची नाहीतर मुगाची उसळ, दोन उकडलेली अंडी, काकडी, कांदा, एक चमचा शेंगाचटणी. मुक्कामी गाडी असेल तर कडक भाकरी, ती दोन दिवस सहज राहते. उसळ आणि काकडी आधी, भाकरी नंतर. मुक्कामाच्या गावी सकाळी गाडी सुटायच्या आधी अर्धा-पाऊण तास चालणं. आठवड्यातून तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठबस, कारण वजनाबरोबर स्नायूही झिजतात आणि ते राखायला प्रथिनं आणि जोर लावणारा व्यायाम दोन्ही लागतं.

चौदा महिन्यांत ते ८६ वर आले आणि तिथेच थांबले. तक्त्याप्रमाणे त्यांच्या उंचीला ६५ किलो हवेत. मी तो तक्ता त्यांना कधी दाखवला नाही. तेरा टक्के वजन उतरलं होतं, एचबीए१सी ६.४ झालं होतं, रक्तदाब आटोक्यात होता, क्लच दाबताना गुडघा कुरकुरत नव्हता. वर्षानुवर्षं टिकणारं ८६ मला दोन महिने दिसणाऱ्या ७५ पेक्षा मोलाचं वाटतं.

लाल रेघ तेव्हा आली. अमेरिकेत संशोधक रीना विंग यांच्या गटाने २००६ साली वजन उतरवलेल्या ३१४ जणांवर एक प्रयोग केला. वजन नियमित करायचं आणि हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे ठरवून घ्यायचे. सव्वादोन किलोंच्या आसपास वाढ झाली की लाल, म्हणजे लगेच हालचाल करायची. नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांपैकी ७२ टक्क्यांचं वजन दीड वर्षात तेवढं किंवा त्याहून जास्त वाढलं. समोरासमोर भेटून हे शिकलेल्यांत ते प्रमाण ४६ टक्के होतं. मी मामांना हे सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "टायरची हवा रोजच बघावी लागते की. फुटल्यावर बघून काय उपयोग?" रेघ त्यांनी स्वतःच मारली, माझ्या समोर, ८८ वर. एक आठवडा वर गेलं तर फक्त लक्ष ठेवायचं, कारण मीठ आणि पाण्याने किलोभर इकडे-तिकडे होतंच. सलग तीन आठवडे वर राहिलं तर यायचं. दोन वर्षं रेघ शाबूत होती.

आणि आता ते आले होते. मी रागावले नाही, कारण रागावण्यासारखं काही घडलंच नव्हतं. ठरलं होतं तसंच ते वागले होते.

"काय बदललं?" एवढंच मी विचारलं.

उत्तर मामींनी दिलं. लेकीला डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून सांगितलं, त्यामुळे बाळंतपणाला मामीच पुण्याला गेल्या. घरी सासूबाई आणि दोन मुलं. मुलांनी मेसचा डबा लावला, मामा ढाब्यावर जेवू लागले. जाण्यापूर्वी मामींनी डिंकाचे लाडू केले होते, निम्मे घरीच राहिले. "रात्री आल्यावर भूक लागायची, लाडू समोर दिसायचा," मामा म्हणाले. त्यात गुडघा दुखला म्हणून चालणंही थांबलेलं.

म्हणजे मामांच्या निश्चयाला काही झालं नव्हतं. घरातली तेलाची वाटी, सकाळचा डबा आणि पाऊण तासाचं चालणं, ही व्यवस्था पाच आठवडे बंद होती. मी ते त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितलं. मामांनी मान हलवली, पण मामींचे डोळे भरले. आपण गेल्यामुळे हे झालं असं त्यांना वाटत होतं. मग उरलेला वेळ मी मामांसाठी नाही, मुलांसाठी वापरला. थोरल्याला फोन लावून बोलावून घेतलं. कुकरमध्ये मटकी शिजवणं, अंडी उकडणं, वाटीतल्या तेलात फोडणी देणं वीस वर्षांच्या मुलाला येत नसेल तर आता यायला हवं. तो वहीत लिहून घेत होता, शिट्ट्यांसकट.

लाडू फेकायचे नाहीत, सकाळच्या चहाबरोबर अर्धा, रात्री नाही, आणि डबा वरच्या फळीवर. गुडघा हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचा, तोवर सलग चालण्याऐवजी जेवणानंतर दहा-दहा मिनिटं सपाट रस्त्यावर. उठबस दुखत नसेल तरच. साखरेची तपासणीही करून घ्यायची.

मार्चअखेर मामांचा फोन आला, ८७.१. मागून मामींचा आवाज ऐकू आला, त्यांना अक्षय तृतीयेच्या आमरसाचं विचारायचं होतं. एक वाटी, जेवणातच, वरून साखर न घालता, आणि त्या दिवशी पुरीऐवजी पोळी, असं मी सांगितलं. मामी म्हणाल्या, पोळ्या त्या दिवशी थोरला लाटणार आहे.