रोज संध्याकाळची ती कसर

गणपती झाले आणि मला रोज संध्याकाळी अंगात कसर यायला लागली, फार नाही, ९९.८, कधी १००, डोळे चुरचुरायचे, पिंढऱ्या ओढायच्या आणि सकाळी उठले की ठणठणीत. सासूबाई म्हणाल्या दृष्ट लागलीये, नवरा म्हणाला ऑफिसचं टेन्शन, मी आपली क्रोसिन घेऊन पोळ्या लाटायला उभी.

जवळच्या डॉक्टरांनी वायडल, म्हणजे टायफॉइडची रक्ताची टेस्ट, करायला लावली, ती पॉझिटिव्ह, मग टायफॉइडच्या दहा दिवस गोळ्या. चार दिवस बरं वाटलं की परत पहिले पाढे पंचावन्न. (वायडल जुन्या इन्फेक्शनमुळे पण पॉझिटिव्ह येऊ शकते, हे मला फार नंतर कळलं.)

मग फिजिशियनकडे गेले. त्यांनी पहिलंच विचारलं, ताप गोळी घ्यायच्या आधी मोजता की नंतर? मी गप्प, कारण खरं तर रोज मोजतच नव्हते. आठवडाभर क्रोसिन बंद करून वही ठेवायला सांगितली, दिवसातून चार वेळा, आणि चहा प्यायल्यावर लगेच नाही, अर्धा तास थांबून. म्हणाले संध्याकाळी टेंपरेचर तसंही थोडं वाढतंच, बायकांचं पाळीच्या आधी अजून जरा जास्त असतं, एखाद्या दिवशी ९९ दिसलं म्हणून घाबरायचं नाही. पण दोन आठवड्यांच्या वर ताप जात नाहीये आणि वजन उतरतंय, रात्री घाम येतोय, तर शोधायचं. आणि मी? डाएट न करता चार किलो गेले म्हणून मैत्रिणींना सांगत होते!

सीबीसी, युरीन, थायरॉइड, एक्स-रे, सगळं बऱ्यापैकी नॉर्मल, फक्त ईएसआर ७८, म्हणजे बराच जास्त (अंगात कुठे सूज किंवा इन्फेक्शन असलं की तो वाढतो). मग त्यांनी मान चाचपली आणि डाव्या बाजूला गाठ, दुखत नव्हती म्हणून मला पत्ताच नाही. सुई घालून पाणी काढलं, त्याची सीबीनॅट, म्हणजे टीबीचे जंतू शोधायची टेस्ट, केली. गाठीचा टीबी.

खोकला नाही, एक्स-रे क्लीन, तरी टीबी? हो, छातीबाहेर पण होतो. घरी आले तर सासूबाईंनी माझं ताट वेगळं काढलेलं, वाईट वाटलं पण भांडले नाही, डॉक्टरांनाच फोन स्पीकरवर लावून दिला. फुप्फुसात नसेल तर गाठीचा टीबी दुसऱ्याला लागत नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी ताट परत मांडणीत.

सहा महिने गोळ्या, वजनाप्रमाणे, सकाळी उपाशीपोटी. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली तेव्हा मी बाथरूममधूनच ओरडले, ती त्या गोळ्यांमधल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे होते म्हणे. आता तरी लोकांना आधी सांगत जा! मधे मळमळ वाढली तर लिव्हरची टेस्ट पण झाली, ती ठीक. निक्षयमध्ये, म्हणजे सरकारच्या टीबी पेशंटच्या नोंदणीत, नाव लागलं, पोषणाचे महिन्याला १००० या हिशोबाने पैसे बँकेत यायचे, त्याची अंडी आणि शेंगदाणे.

ताप तिसऱ्या आठवड्यात गेला. गाठ अजून मुगाएवढी हाताला लागते, कोर्स संपल्यावर पण राहू शकते म्हणाले, वाढली तर मात्र दाखवायला या.