झरणी नरसिंह: छातीभर पाण्यातलं दर्शन

मला पोहता येत नाही. लातुरात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला पोहता येत नाही यात नवल काही नाही. आमच्याकडं पाणी दिसलं की माणूस आधी घागर शोधतो. त्यामुळं आईनं तिसऱ्यांदा "बिदरला झरणीला जाऊन येऊ, नवस राहिलाय" असं काढलं, तेव्हा मीही तिसऱ्यांदा रजेचं कारण पुढं केलं. खरं कारण तिला माहीत होतं: झरणी म्हणजे कर्नाटकातल्या बिदरचं नरसिंहाचं गुहेतलं देऊळ, आणि तिथं देवापर्यंत छातीभर पाण्यातून चालत जावं लागतं. नवस माझ्या मुलीच्या जन्माचा. मुलगी आता सहावीत आहे.

आईचं माहेर निलंगा तालुक्यातलं. १९५६ पर्यंत निलंगा, उदगीर, अहमदपूर हे सगळं बिदर जिल्ह्यातच होतं. तिच्या वडिलांना बाजार, कचेरी आणि देव, तिन्हींसाठी बिदरच. पुढं जिल्हा बदलला, राज्य बदललं, देव तेवढा तिकडंच राहिला.

शनिवार-रविवारी तिथं फार गर्दी असते, म्हणून मुद्दाम मंगळवार धरला. पहाटे निघून उदगीर, भालकी करत बिदर गाठलं. ज्यांना जायचंय त्यांना एवढंच सांगतो: मोबाइल, पाकीट, घड्याळ गाडीतच ठेवा, सुके कपडे आणि टॉवेल न्या, जीन्स घालू नका. मी घातली होती. ओली जीन्स अंगावरून सोलून काढावी लागते.

आईची तयारी मात्र पक्की. नऊवारी घट्ट कासोटा मारून नेसलेली, वरून कमरेला सुतळी. "पाण्यात लुगडं फुगून वर येतंय, म्हणून," असं तिनं ज्या सहजतेनं सांगितलं त्यावरून कळलं की ही इथं माझ्या जन्माच्या आधीपासून येतेय.

पायऱ्या उतरून गुहेच्या तोंडाशी गेलो. आधी घोट्याएवढं पाणी, चार पावलांत मांडीएवढं, मग कंबर, मग छाती. माझी उंची पाच फूट चार इंच. आई माझ्या खांद्याला लागते. म्हणजे माझ्या छातीला आलेलं पाणी तिच्या गळ्याशी. "आई, मागं फिरूया का?" म्हटलं. ती म्हणाली, "भित्तीला हात लाव आन् चल. पाय उचलू नगंस, सरकव."

हे 'सरकव' फार महत्त्वाचं. पाय उचलला की तोल जातो, कारण छातीभर पाण्यात आपलं वजन निम्मं उरत नाही. तळ दगडी, मध्येच गुळगुळीत. अंगठ्यानं पुढचा दगड चाचपायचा, टेकला की दुसरा पाय ओढायचा. सुमारे ३०० मीटर असंच. सपाट रस्त्यावर हे अंतर पाच मिनिटांत संपतं. इथं किती वेळ लागला सांगता येत नाही, घड्याळ गाडीत होतं.

आत दिवे बसवलेत, त्यामुळं मिट्ट काळोख नसतो. पण दिव्यांनी एक नसती सोय केली आहे: वटवाघळं दिसतात. छताला ओळीनं लटकलेली. मध्येच एखादं सुटतं आणि डोक्यावरून वाऱ्याची झुळूक देऊन जातं. कुणाला काही करत नाहीत. माझा चष्मा आतल्या दमट हवेनं धुरकटला, पुसायला अंगावर सुकं काहीच नाही, शेवटी काढून दातात धरला. मग वटवाघळं दिसायची बंद झाली आणि बरं वाटलं.

जायची आणि यायची वाट एकच. समोरून दर्शन करून येणारे, त्यांच्या खांद्यावर लेकरं, लेकरांच्या हातात नारळ. एक बाप आपल्या पोराला दखनी उर्दूत समजावत होता, मागं कुणी तेलुगूत बोलत होतं, आणि मी मध्येच थांबलो की मागून हाक यायची, "मुंदे होगी, मुंदे होगी!" कानडीत 'पुढं व्हा'. मग कुणीतरी "गोविंदा" म्हणायचं आणि सगळी गुहा "गोविंदा" म्हणायची. मी देवभोळा नाही. तरी तिसऱ्या "गोविंदा"ला माझाच आवाज सगळ्यांत मोठा होता. भीती आवाजावाटे जरा कमी होते, असं नंतर लक्षात आलं.

पाणी साचलेलं नव्हतं. पोटऱ्यांना त्याचा हलका रेटा जाणवत होता, आणि वास शेवाळाचा नाही, ओल्या मातीचा. बिदरचं पठार वरून जांभ्या दगडाचं. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी तो पोटात घेतो, खाली न झिरपणारा थर लागला की ते आडवं वाहत पठाराच्या कडेला झऱ्यांनी बाहेर पडतं. शीख ज्याला गुरू नानकांचा झरा मानतात तो नानक झिराही याच गावात. पाऊस हटला की झरणीचं पाणीही उतरतं.

हे झालं भूगोलाचं. आईच्या कथेत नरसिंहानं हिरण्यकशिपूनंतर झरासुराला मारलं. तो शिवभक्त. मरताना त्यानं देवाला इथंच राहा म्हणून विनवलं, आणि स्वतः पाणी होऊन देवाच्या पायाशी वाहू लागला. म्हणजे आपण सरकत जातो ते त्या राक्षसातूनच. मला ही कथा आवडते. एवढा मोठा असुर, आणि शेवटी वाहून लोकांचे पाय धुतोय.

टोकाला जागा अगदी लहान. सात-आठ माणसं कशीबशी उभी राहतील एवढीच. बाकीचे पाण्यातच थांबलेले. भिंतीवर स्वयंभू नरसिंह, शेजारी झरासुरानं पुजलेलं शिवलिंग. कापराचा वास इतका दाट की डोळ्यांत पाणी आलं. निदान मी तरी कापराचंच नाव सांगितलं. आईनं हात जोडले आणि मुलीचं नाव घेतलं, मग माझं, मग तिच्या गेलेल्या भावाचं. मागून "होगी, होगी" सुरू झालंच होतं. अर्धं मिनिट मिळालं असेल.

परतताना भीती गेली होती असं म्हणणार नाही, पण पाय आपोआप सरकत होते. मध्यावर एक बाई भिंतीला चिकटून उभी होती, पुढंही जाईना, मागंही येईना. आई तिच्यापाशी थांबली, तिचा हात घेऊन भिंतीवर ठेवला आणि म्हणाली, "पाय उचलू नगंस, सरकव." बाईला मराठी येत होतं की नाही, कोण जाणे. पण सरकली.

बाहेर ऊन लख्ख. आम्ही दोघं कुडकुडत गाडीकडं निघालो. मी टॉवेल शोधत होतो, आई दिसेना. पाहतो तर ती वाट सोडून एका लिंबाच्या रोपापाशी वाकलेली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात तिनं भांडी विसळलेलं पाणीही कधी मोरीत सोडलं नव्हतं. पदर मुठीत धरून ती पिळत होती, थेंब न् थेंब त्या रोपाच्या आळ्यात.

"तुझी ती विजार आण हिकडं," ती म्हणाली. "लई पाणी हाय तिच्यात."