शून्य बघितलंस का?

२०१९ च्या जूनमध्ये मेकॅनिकलचा निकाल लागला आणि बॅग भरून तासगावहून भोसरीला आलो. कॅम्पसला आलेल्या बहुतेक कंपन्या आयटीच्या, त्यात दहावी, बारावी, डिग्री तिन्हीकडे साठ टक्के हवेत. मला बारावीला अठ्ठावन्न. विषय संपला.

वेळही अशी साधली होती की विचारू नका. गाड्यांचा खप पडलेला, मोठे कारखाने मध्येच काही दिवस उत्पादन बंद ठेवायचे. त्यांची लाइन थांबली की सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या शॉपमध्ये आहेत त्यांनाच काम नाही, तिथे फ्रेशरला कोण विचारतो? एका कन्सल्टन्सीने रजिस्ट्रेशनचे १,५०० रुपये घेऊन ‘सेल्स इंजिनिअर’चा इंटरव्ह्यू लावला. काम काय, तर दारोदार वॉटर प्युरिफायर विकायचे.

मग रोज सकाळी फाइल घेऊन एमआयडीसीत गेट धरायला लागलो. सिक्युरिटीवाले बायोडेटा घ्यायचे, रजिस्टरखाली सारायचे. दोन महिन्यांनी त्यातल्याच एका मामांना माझी दया आली असावी. म्हणाले, “पोरा, हे कागद वर जातच नाहीत. टूलरूमचे साहेब अकराला समोरच्या टपरीवर येतात, त्यांना गाठ.”

गाठलं. साहेबांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. आत नेलं, हातात व्हर्निअर हे मापायचं साधन आणि एक बुश, म्हणजे पोकळ नळीसारखा सुटा भाग, दिला. “ओडी सांग.” म्हणजे बाहेरचा व्यास.

हा तर पहिल्या वर्षाचा प्रयोग! ऐटीत सांगितलं, “३२.०६.”

“शून्य बघितलंस का?”

जबडे मिटवले, तर व्हर्निअर मुळातच ०.०४ जास्त दाखवत होता. म्हणजे खरं माप ३२.०२. “ड्रॉइंगवर ०.०३ पर्यंत चालतं. चांगला पीस भंगारात टाकलास की तू.”

मी खरं सांगून टाकलं, की जर्नलमधली रीडिंग सिनिअरच्या जर्नलमधून उतरवली होती. ते काही बोलले नाहीत. बुशचा एक क्रेट पुढे सरकवला आणि निघून गेले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी मापत बसलो, प्रत्येक वेळी ०.०४ वजा करत. परत आल्यावर त्यांनी मधलेच तीन पीस उचलून तपासले आणि नॅट्सच्या, म्हणजे सरकारी अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर नाव नोंदवलंय का, एवढंच विचारलं.

नोकरी म्हणजे एक वर्षाची अप्रेंटिसशिप. नशिबाने त्याच सप्टेंबरमध्ये इंजिनिअर अप्रेंटिसचा किमान स्टायपेंड पाच हजारांच्या आतून थेट ९,००० झाला होता. त्यातला निम्मा सरकार भरतं, म्हणून त्या मंदीत आमच्यासारखे कंपनीला परवडले, हे मला फार उशिरा कळलं.

घरी फोन केला तेव्हा द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणी चालू होती. अण्णांनी आकडा ऐकला, थोडा वेळ गप्प राहिले.

“छाटणीची टोळी याहून जास्त घेते रे.”

खरंच घेत होती.