आमची वाटचाल: प्रोबपासून डब्यापर्यंत

लॅमिंग्टन रोडजवळच्या एका गल्लीत पोटमाळा भाड्याने घेऊन मी आणि धाकट्या भावाने काम सुरू केलं, तेव्हा आम्ही फक्त सोनोग्राफीचे प्रोब, म्हणजे पेशंटच्या अंगावर फिरवतात तो मशिनचा भाग, दुरुस्त करायचो. केबल तुटली, लेन्स फुगली, प्रोब हातातून निसटला, की फोन यायचा. चित्र स्वच्छ दिसलं की बिल फाडायचं.

असाच एक प्रोब ‘ओके’ म्हणून पाठवला. तीन दिवसांनी डॉक्टरबाईंचा फोन. “अहो, पोर्टल व्हेनमध्ये रंगच भरेना. गुठळी समजून पेशंटला पुढे पाठवलं, तर तिकडे रक्त छान वाहतंय. तुम्ही तपासलं काय होतं?”

काय सांगणार? यकृताकडे जाणाऱ्या त्या शिरेत रक्त संथ असतं, सेकंदाला वीसेक सेंटिमीटर. रक्तपेशींवरून परतणारा आवाज मुळातच क्षीण, आणि आमच्या प्रोबमधले, आवाज सोडणारे आणि ऐकणारे, सलग काही स्फटिक मेलेले. काळ्या-पांढऱ्या चित्रात जेमतेम एक सावली पडत होती. डॉपलर, म्हणजे वाहत्या रक्ताचा वेग मोजून त्याला रंग देणारी तपासणी, मात्र जवळजवळ आंधळा झाला होता. पैसे परत केले. चूक आमचीच होती.

तपासायचं तर समोर काहीतरी वाहतं हवं. तयार फ्लो फँटमची, म्हणजे आतून द्रव वाहणाऱ्या नकली शरीराची, किंमत ऐकूनच आम्ही गप्प बसलो. मग भावाने क्रॉफर्ड मार्केटातून माशांच्या टाकीचा पंप आणला. स्टीलच्या डब्यात चायना ग्रास आणि इसबगोल शिजवून ओतलं, मधून ६ मिलिमीटरची सिलिकॉन नळी काढली, नळीत पाणी, ग्लिसरीन आणि चिमूटभर कॉर्नफ्लोअर. एवढं इसबगोल पाहून आईने विचारलं, “पोट बिघडलंय का रे कुणाचं?” पहिल्या दोन डब्यांत हवेचे बुडबुडे राहिले, फेकून दिले.

पडताळणी साधी आहे. नळीतून पडणारं पाणी मिनिटभर मापात धरायचं आणि मशिनचा आकडा शेजारी लिहायचा. सरासरी वेग सेकंदाला १५ सेंटिमीटर असेल, तर मिनिटाला साधारण २५५ मिलिलिटर यायला हवं. मशिन वेग आणि नळीचा व्यास यांवरून हिशेब करतं, त्यामुळे पडद्यावर व्यास ६ ऐवजी ७ मिलिमीटर मोजला, तर तोच आकडा ३६ टक्क्यांनी फुगतो.

‘मशिन बिघडलंय’ म्हणून आलेल्या बऱ्याच तक्रारी शेवटी कोनाच्या निघतात, म्हणजे प्रोबचा आवाज आणि रक्ताचा प्रवाह यांच्यातल्या कोनाच्या. खरा कोन ६० अंश असताना तो दाखवणारी पडद्यावरची रेघ ६५ वर ठेवली, तर वेग १८ टक्के जास्त दिसतो. ३० च्या आसपास तेवढीच चूक सहाएक टक्क्यांवर भागते. डॉक्टरांना हे तोंडावर सांगायला मला दहा वर्षं लागली. आता डब्यावर प्रोब ठेवून त्यांनाच कोन फिरवायला लावतो, वाद होत नाही.

१९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळे मशिनची नोंदणी जागेसकट असते. ते उचलून पोटमाळ्यावर आणायचं म्हणजे आधी कागदपत्रं. म्हणून डबाच मशिनकडे जातो, लोकलने, मांडीवर ठेवून. एकदा मेट्रोच्या तपासणीत झाकण उघडायला लावलं. आत पाहून तो जवान म्हणाला, “खरवस?”

टाकीचा पंप एकसारखा वाहतो, त्यामुळे शिरांचं काम भागतं. मूत्रपिंडाच्या धमनीला मात्र ठोका लागतो, त्याशिवाय रेझिस्टिव्ह इंडेक्स, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये रक्ताचा वेग किती खाली येतो त्याचं माप, तपासता येत नाही. भावाने मोटर लावून ठोका देणारा पंप केलाय. सध्या तो जोडापाशी गळतो.