कोलेस्टेरॉलची गोळी, शिंका आणि माटोळीतलं तोरंजन

चवथीआधी माळ्यावरची पितळी भांडी आणि माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधायची, चौकट खाली काढायची म्हटलं की माझ्या नाकाचं काही खरं नसतं. श्रावणातल्या ओलीने डिचोलीतल्या आमच्या जुन्या घराच्या भिंतींना बुरशी धरते, त्यात वर्षभराची धूळ. यंदा शिंका थांबेचनात. एरवी घरात असेल ती गोळी घेतली असती. पण सहा महिन्यांपासून मी रात्री 10 मिलिग्रॅम अ‍ॅटोर्वास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी घेते. तिच्यासोबत अ‍ॅलर्जीची गोळी चालते का, हे कधी विचारलंच नव्हतं.

बाजारातल्या फार्मसीत सर्दीची गोळी मागितली. मुलाने पाकीट पुढे केलं. मी चष्मा लावून मागचं वाचलं: सेटिरिझिन (हे अ‍ॅलर्जीचं औषध), पॅरासिटामॉल, फिनाइलेफ्रिन. हे तिसरं काय, विचारल्यावर तो म्हणाला, "नाक मोकळं करतं, बाई. पण तुम्हाला प्रेशर आहे ना? मग हे नको." प्रेशरची गोळी मी त्याच्याकडूनच नेते, म्हणून त्याच्या लक्षात होतं. नुसत्या सेटिरिझिनची पट्टी घेतली, आणि घरी येऊन आधी डॉक्टरांना फोन केला.

त्यांनी नीट समजावलं. अ‍ॅटोर्वास्टॅटिनचं विघटन मुख्यतः यकृतात होतं. सेटिरिझिन बहुतांशी जशीच्या तशी मूत्रपिंडातून बाहेर जाते. वाटा वेगळ्या, त्यामुळे दोन्ही एकमेकींच्या आड येत नाहीत. मूत्रपिंडासाठी त्यांनी माझा क्रिएटिनीनचा रिपोर्ट मात्र विचारला. तो ठीक होता, तरी वय 67, म्हणून पहिल्या रात्री 5 मिलिग्रॅम, म्हणजे अर्धीच गोळी घ्यायला सांगितली. गुंगी येते, रात्री उठताना दिवा लावा, म्हणाले.

मग त्यांनीच विचारलं, "माटोळीला तोरंजन बांधता ना? खाता?"

तोरंजन म्हणजे पपनस. ग्रेपफ्रूट हा पपनस आणि संत्र्याच्या संकरातून झालेला. त्यातले काही घटक आतड्यातलं, ही गोळी मोडणारं एक एन्झाइम अडवतात आणि अ‍ॅटोर्वास्टॅटिन रक्तात जास्त प्रमाणात उतरतं. पपनसातही तसेच घटक असतात. गोळी रात्री आणि फळ सकाळी, असं करूनही भागत नाही, कारण हा परिणाम दिवसभराहून जास्त टिकू शकतो. मी गोळ्यांचीच काळजी करत होते, फळ डोक्यातही नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी लिहून घ्यायला लावली: सर्दी वाढून कोणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं तर घेण्याआधी कोलेस्टेरॉलच्या गोळीचं नाव सांगायचं. तिथे खरा धोका असतो, स्नायूंना इजा होऊ शकते. विनाकारण अंग दुखलं किंवा लघवी गडद झाली तर लगेच कळवायचं.

अर्ध्या गोळीने दुसऱ्या दिवशी शिंका बऱ्याच कमी झाल्या. विसर्जनानंतर माटोळी सोडली. तोरंजन मी सोलून सगळ्यांना वाटलं, आणि माझ्यासाठी चिबूड कापला.